हुकलेल्या आकाशघटनेनंतर काय करावे?

महिनाभर आधी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली रात्र ढगांनी झाकली जाते किंवा पहाटेचा गजर बंद करून आपण पुन्हा झोपी जातो, आणि ग्रहण आपल्याविना उरकते. अशा वेळी पहिले काम म्हणजे ती घटना खरोखर हुकली आहे का, हे तपासणे. ययाति उल्कावर्षावाचा बहर १२-१३ ऑगस्टच्या सुमारास असला तरी मागच्यापुढच्या काही रात्रीही बऱ्यापैकी उल्का दिसतात. मिथुन उल्कावर्षाव मात्र डिसेंबरच्या मध्यावरील बहरानंतर झपाट्याने ओसरतो, त्यामुळे त्याच्यासाठी एक-दोन रात्री आधीच बाहेर पडावे. चंद्रग्रहण काही तास चालते. तेव्हा ढग आले म्हणून दुर्बीण लगेच आवरू नये.

घटना निसटलीच असेल, तर ती पुन्हा केव्हा येणार ते पाहावे, कारण हळहळ किती करावी हे त्यावरच ठरते. अल्गोल तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी पुन्हा मंदावतो, गुरूची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता ग्रह सूर्याच्या विरुद्ध दिशेला येणे) सुमारे १३ महिन्यांनी येते आणि मंगळाची सुमारे २६ महिन्यांनी. यांच्यासाठी खंत करण्याचे कारण नाही. ग्रहणांचे सॅरोस चक्र, म्हणजे जवळपास तसेच ग्रहण पुन्हा येण्याचा काळ, १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तासांचे असते. त्या वरच्या ८ तासांत पृथ्वी जवळपास एक-तृतीयांश फिरते, म्हणून त्याच मालिकेतले पुढचे सूर्यग्रहण पश्चिमेकडे दूर सरकलेल्या प्रदेशातून दिसते. त्यामुळे केवळ तारखेवर विसंबू नये, नकाशाही पाहावा. २०१२ मधील शुक्राचे अधिक्रमण (ग्रह सूर्यबिंबासमोरून सरकताना दिसणे) ज्यांचे हुकले त्यांची हळहळ मात्र रास्त आहे, कारण पुढचे थेट डिसेंबर २११७ मध्ये होईल. त्यांनी १३ नोव्हेंबर २०३२ च्या बुधाच्या अधिक्रमणाची नोंद करून ठेवावी.

त्यानंतर निरीक्षणवहीत हुकलेल्या घटनेचीही नोंद करावी: तारीख, वेळ आणि नेमके कारण. ढगांवर आपला इलाज नसतो, पण चुकीची जागा किंवा चुकीची वेळ ही कारणे सुधारता येतात. एका पिधानाची (चंद्राने तारा झाकण्याची) जागतिक वेळ मी स्थानिक समजून लिहिली आणि दुर्बीण लावली तेव्हा तारा चंद्राआडून केव्हाच बाहेर आला होता. ती नोंद वहीत आल्यापासून मी प्रत्येक वेळेपुढे ती कोणती, हे लिहितो.

प्रतीक्षेचा काळ कसा घालवावा, हे गियोम ल जाँती या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाकडून शिकावे. १७६१ चे शुक्राचे अधिक्रमण त्यांना हलत्या जहाजावरून पाहावे लागल्याने उपयुक्त मोजमापे घेता आली नाहीत, आणि १७६९ च्या अधिक्रमणाच्या वेळी पुदुच्चेरीत ढग आडवे आले. परंतु मधल्या ८ वर्षांत त्यांनी मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले आणि ग्रहणगणिताची तमिळ पद्धतही समजून घेतली. आपल्यालाही तारखेशी न बांधलेल्या गोष्टींची यादी हाताशी ठेवता येते: जोडतारे, तारकागुच्छ, चंद्रावरील उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे. ढग मध्यरात्रीनंतर फाटले, तर त्या यादीतला पहिला जोडतारा लावावा.