रॉड्रिग्जला जाताना: तयारी, आणि मधला एक मोकळा दिवस

रॉड्रिग्ज हे मॉरिशस देशाचंच एक छोटं बेट, मॉरिशसहून पूर्वेला साधारण 600 किलोमीटर. मुंबई-नागपूरपेक्षा थोडं कमीच. विमानाला दीड तास लागतो. हेच आकडे बघून मागच्या जानेवारीत मी परतीचं गणित मांडलं: दुपारी रॉड्रिग्जहून निघायचं, रात्री मॉरिशसहून मुंबईचं विमान पकडायचं. ते साफ चुकलं. म्हणून पहिलं काम हे करा: रॉड्रिग्जहून परत येण्याचा दिवस आणि मुंबईला निघण्याचा दिवस यांच्यामध्ये एक अख्खा दिवस मोकळा ठेवा. बाकीचं बुकिंग त्यानंतर.

पासपोर्ट, औषधं, टोपी हे तुम्ही घ्यालच. देश एकच असला तरी पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

सामानाचं वजन घरीच करा. मुंबईहून येणारं विमान मोठं असतं, रॉड्रिग्जला जाणारं पंख्यांचं छोटं एटीआर विमान असतं. रॉड्रिग्जच्या प्लेन कोराईल विमानतळाची धावपट्टी जेमतेम 1,300 मीटरची, मोठं जेट तिथे उतरत नाही. त्यामुळे बॅगेची मर्यादाही कमी. तिकिटावर लिहिलेली असते, ती वाचा. जास्तीची बॅग मॉरिशसमध्येच ठेवा. आम्ही मॉरिशसमधल्या वाक्वा गावी एका मराठी कुटुंबाकडे उतरलो होतो, त्या काकूंनी आमची ठेवून घेतली.

दीड तास म्हणजे फक्त विमानातला वेळ. मॉरिशसचा विमानतळ आग्नेय टोकाला आहे. उत्तरेला ग्राँ बेला राहत असाल तर बेट ओलांडावं लागतं, वाटेत राजधानी पोर्ट लुईची गर्दी. दोन तास हातात ठेवून निघा. घड्याळ मुंबईपेक्षा दीड तास मागे असतं, रॉड्रिग्जला गेल्यावर पुन्हा बदलायचं नाही.

आता परत मोकळ्या दिवसाबद्दल, कारण काकूंनी सांगूनही मी ऐकलं नव्हतं. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे महिने. वादळ बेटावर यायलाही लागत नाही, जोराचा वारा सुटला तरी विमान थांबतं. नागपूरचं विमान रद्द झालं तर रेल्वे आहे, रस्ता आहे. इथे मध्ये समुद्र आहे, आणि बोटीला एका दिवसाहून जास्त लागतो. माझं विमान दुसऱ्या दिवशी सुटलं, तोवर मुंबईचं गेलेलं होतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे पैसे कुणीच परत दिले नाहीत. सोबत आई होती, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मोकळा दिवस ठेवा. हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचवायला जाऊ नका. वादळाच्या महिन्यांत तर दोन दिवस ठेवा, आणि गोळ्या चार दिवसांच्या जास्त घ्या.

रॉड्रिग्जला पोचल्यावर तिथल्या मुख्य गावापर्यंत, पोर्ट माथुरिनपर्यंत, गाडी आधी सांगून ठेवा. रोख रुपये मॉरिशसचेच. निघायच्या आदल्या संध्याकाळी विमान वेळेवर आहे का ते विचारा, सकाळी पुन्हा विचारा. येताना तिथलं लोणचं आणि मध घ्यायचा तर चेक-इनच्या बॅगेत.