चिरलेली आणि पापुद्रे सुटणारी नखं: पार्लरमध्ये काय करायचं

नख खराब आहे म्हणून लगेच त्यावर जेल (दिव्याखाली घट्ट होणारं पॉलिश) चढवून झाकू नका. आधी नुकसान कुठल्या प्रकारचं आहे ते बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. टोकाला आडवे पापुद्रे सुटत असतील तर बहुतेक वेळा पाणी, साबण आणि ॲसिटोन यांचा परिणाम असतो. नख पाणी शोषून फुगतं, वाळलं की आकसतं. भांडी-धुण्यात हे दिवसभर चालू राहिलं की थर एकमेकांना सोडतात. उभी चीर मात्र मार लागल्याने, वयामुळे किंवा मुळाशी दुखापत झाल्याने पडते. मूळच दुखावलं असेल, तर नवं नखही त्याच रेषेत चिरत येऊ शकतं. हे क्लायंटला आधीच सांगा. आणि संपूर्ण नख पातळ, मऊ, दाबलं की वाकणारं झालं असेल, तर बहुधा जेल ओरबाडून काढलंय किंवा फाइल जास्त चाललीय.

नखाखाली हिरवट डाग, पिवळा जाडसर थर, नख मांसापासून सुटलेलं, नखुरडं, पू किंवा नव्याने उमटलेली काळी-तपकिरी उभी रेघ दिसली तर काहीही लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा.

जुनं जेल असेल तर वरचा चमकदार थर १८० ग्रिटच्या फाइलने (ग्रिटचा आकडा मोठा तितकी फाइल बारीक) उतरवा, ॲसिटोनचा कापूस ठेवून फॉइल गुंडाळा आणि १० ते १५ मिनिटं थांबा. जेल सुटलं नाही तर आणखी ५ मिनिटं द्या. खरवडलंत की जेलबरोबर नखाचा वरचा थरही निघतो. पार्लरमध्ये दिसणाऱ्या पातळ नखांमागे हे कारण फार वेळा असतं.

पापुद्र्यांवर पॅच (वरून चिकटवलेली पट्टी) टिकत नाही. नख शक्य तितकं आखूड करा, सुटलेला पापुद्रा ओढू नका, २४० ग्रिटने कड हलक्या हाताने गुळगुळीत करा आणि बेस कोट (पॉलिशखालचा पहिला थर) टोकाच्या कडेवरूनही फिरवा. कडेवर तो लावायचा राहून गेला की तिथूनच पाणी आत शिरतं.

बाजूने किंवा टोकापासून गेलेली चीर, जी जिव्हाळीपर्यंत उघडी नाही, तिला फायबरग्लास रॅप (रेझिन नावाच्या नखांच्या ग्लूने चिकटवायची काचतंतूंची जाळीदार पट्टी) चांगला. रक्त येत असेल, मांस उघडं असेल तर ग्लू अजिबात नको. स्वच्छ धुऊन ड्रेसिंग करा, भरून आल्यावर बघा. मेथाक्रिलेट (जेल-ॲक्रिलिकमधलं रसायन) किंवा ग्लूची ॲलर्जी पूर्वी झाली असेल तरीही नको.

रॅपच्या आधी हात पाण्यात भिजत ठेवू नका. फुगलेलं नख नंतर आकसलं की पॅच सुटतो. नख आखूड करा, २४० ग्रिटने फक्त चमक जाईल इतकंच घासा, भुकटी झाडा, डिहायड्रेटर (नखावरचं तेल-ओल काढणारं द्रव) लावा. चिरेत रेझिनचा एक लहान थेंब सोडून ऑरेंज स्टिकने दोन्ही कडा जुळवून धरा. पट्टी चिरेच्या दोन्ही बाजूंना २-३ मिमी जाईल अशी कापा, पण क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) आणि बाजूच्या कातडीपासून १ मिमी मोकळं ठेवा. चिकट बाजूला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे पांढरा डाग राहतो. पट्टी बसवून वर रेझिन पसरवा. जाळी पूर्ण पारदर्शक दिसली पाहिजे. पांढरे धागे दिसले तर रेझिन कमी पडलं. ॲक्टिव्हेटर (रेझिन पटकन घट्ट करणारा फवारा) सुमारे ३० सेंमीवरून मारा. जवळून मारलं की रेझिन एकदम तापतं, बोट चटकतं आणि बुडबुडे येतात. मग दुसरा थर, पुन्हा ॲक्टिव्हेटर. पॅचच्या कडा बफरने नखाशी समतल करा, पण जाळी कापली जाईपर्यंत घासू नका.

सांडलेला ग्लू कापसाने पुसू नका. कापसावर ग्लू झपाट्याने तापतो, भाजू शकतं.

रॅप दोन आठवड्यांनी तपासा. कड उचलली असेल तर ओढून काढू नका, ॲसिटोनने सोडवून पुन्हा लावा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, त्यामुळे टोकापासून ६ मिमी गेलेली चीर कापून निघायला दोनेक महिने लागतात आणि पूर्ण नख बदलायला चार ते सहा महिने. क्लायंटला हा हिशेब पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ती तिसऱ्या आठवड्यात कंटाळून नखं वाढवायला घेते आणि चीर पुन्हा मागे धावते.

घरी करायचं एवढंच: भांडी-कपडे धुताना आतून सुती अस्तराचे हातमोजे, हात धुतल्यावर क्रीम, रात्री क्युटिकलवर बदाम किंवा जोजोबा तेलाचे दोन थेंब. नखांनी स्टिकर उचकटणं, डबे उघडणं बंद. फॉर्माल्डिहाइडचे हार्डनर वारंवार लावले की नखं ताठ होऊन ठिसूळ बनतात, म्हणून पापुद्रे सुटणाऱ्या नखांना आम्ही ते सुचवत नाही. बायोटिनची (नखं-केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाची) गोळी कुणी घेत असेल, तर रक्ततपासणीच्या आधी डॉक्टरांना सांगायला लावा. थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकू शकतात.