बाळाची वाढ मागे पडली, हे उशिरा का कळतं? या चुका टाळा

पहिली चूक तारखेची. शेवटची पाळी कधी आली, असं विचारलं की उत्तर येतं, "गणपतीच्या आसपास." माणमध्ये काय आणि जतमध्ये काय, सारखंच. दिवस नक्की ठाऊक नसतील तर बाळ लहान आहे की नाही, हे सांगायचं कशावरून? 11 ते 13 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिवस फार तर आठवडाभर इकडेतिकडे होतात. तीच पहिल्यांदा आठव्या महिन्यात केली तर फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो.

यातली खरी फसगत पुढेच आहे. बाळ मागे पडलं की नंतरच्या रिपोर्टवर दिवसच कमी छापून येतात. घरचे म्हणतात, "बाळंतपणाची तारीख पुढं गेली वाटतं." तारीख पुढं जात नसते! पहिल्या सोनोग्राफीनं दिलेली तारीख एकदा धरली की तीच शेवटपर्यंत.

दुसरी चूक, कागद मागे राहणं. सातव्यात पोरगी कोरेगावहून आटपाडीला माहेरी येते, फाईल सासरीच. ऊसतोडीला आलेल्या बायांचं तर कार्डच गावी असतं. वाढ दोन मापांच्या तुलनेतून कळते, एका आकड्यातून नाही. ही मापंही दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं घ्यावीत. आठवड्यात वाढ दिसत नाही, मापातली चूकच दिसते.

"पोट लहान दिसतंय, मुलगा असेल" हे तर सोडूनच द्या. 24 आठवड्यांनंतर टेपनं मोजलेली पोटाची उंची (ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत) सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकी भरते. 32 व्या आठवड्यात 28 भरली तर सोनोग्राफी हवी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, तिथं टेप लावायला सांगा. आईचं वजन वाढतंय म्हणजे बाळ वाढतंय, असंही नाही.

लहान म्हणजे आजारी, असंही नव्हे. काही बाळं आईबापांसारखीच चणीनं लहान. नाळेतून रक्त नीट जातंय का, हे डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसतं. वार, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पोचवणारा अवयव, कमी पडत असेल तर लाडू आणि प्रोटीन पावडरनं ती सुधारत नाही. मिसरी मात्र आजच सोडा, आणि बीपी, हिमोग्लोबिन तपासा.

बाळाची हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच 102 ला, सरकारी रुग्णवाहिकेला, फोन करा.