कोकणात प्लॉट घेताय? कराच्या या चुका टाळा

दापोलीजवळ २०१७ साली प्लॉट घेतला आणि त्याच उन्हाळ्यात कडेने चिऱ्याचा गडगा घातला, बोअर मारली. सव्वातीन लाख गेले, सगळे रोख. गवंड्याने हिशेब वहीच्या पानावर लिहून दिला होता. ते पान कुठल्या पावसाळ्यात गेलं कोण जाणे. विकायच्या वेळी सीएने पहिलं तेच मागितलं. दाखवायला कागद नाही म्हटल्यावर तो खर्च नफ्यातून वजा झालाच नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मात्र खरेदीच्या किमतीत धरता आली, कारण त्यांच्या पावत्या दस्ताबरोबर होत्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सौदा ३० लाखांत ठरला आणि रेडीरेकनरने, म्हणजे सरकारी दरतक्त्याने, मूल्यांकन ३६ लाख निघालं, तर? फरक १० टक्क्यांच्या आत असता तर चाललं असतं. इथे विकणाऱ्याचा नफा ३६ लाखांवरून मोजतात, आणि वरचे ६ लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. एकाच फरकावर दोघांना कर! वाट नसलेला कातळाचा तुकडा स्वस्तात जाणारच, पण रेडीरेकनरला ती उणीव दिसेलच असं नाही. म्हणून टोकन देण्याआधी मूल्यांकन काढून घ्या. दर खरंच अवाच्या सवा असेल, तर विकणाऱ्याला आयकर अधिकाऱ्याकडे सरकारी मूल्यांककाची मागणी करता येते.

"शेतजमीन हाय, टॅक्स नाय," असं एजंट छातीठोक सांगतो. ते गावातल्या, खरोखर कसल्या जाणाऱ्या जमिनीपुरतं खरं. एनए (बिगरशेती) झालेल्या प्लॉटला ही सूट नाही. दहा हजारांहून जास्त आणि लाखापर्यंत वस्तीच्या नगरपरिषदेच्या हद्दीत किंवा हद्दीपासून २ किलोमीटरच्या आत असलेल्या शेतीलाही नाही. आणि हे अंतर सरळ रेषेत मोजतात. खाडीला वळसा घालून दहा किलोमीटर पडणारं गाव पलीकडच्या काठावर, दीड किलोमीटरवर असू शकतं.

विकायची घाई नको. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफ्यावर तुमच्या स्लॅबने कर, नंतर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली मालमत्ता असेल, तर निवासी व्यक्तीने खरेदी किमतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचाही हिशेब करावा आणि कमी येईल तो कर भरावा.

आजोबांचं घर विकणारे चाकरमानी खरेदी किंमत शून्य धरतात. कशाला? वास्तू २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभाव किंमत धरता येते, फक्त ती त्या दिवसाच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नको.

राहिला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर. शेतजमीन सोडून ५० लाख किंवा त्यावरच्या खरेदीत घेणाऱ्याने १ टक्का कापायचा असतो. सातबारावर आठ हिस्सेदार, प्रत्येकाच्या वाट्याला दहाच लाख, ही पळवाट ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाली. एकूण रक्कम बघतात. हिस्सेदारांपैकी कोणी आखातात नोकरीला, म्हणजे करासाठी अनिवासी असेल, तर त्याच्या हिश्शाला ५० लाखांची मर्यादाच नाही आणि कपातीचा टक्काही कितीतरी मोठा. तो सहीपुरता येतो आणि रजा संपली की परत जातो. कपात राहिली तर नोटीस घेणाऱ्याच्या पत्त्यावर येते.