प्राण्यांचे गट आणि त्यांची वैशिष्ट्यं पोरांना कशी शिकवायची (टेबल पाठ न करता)

गेल्या वर्षी लेक सातवीला होती. सहामाहीच्या पेपरात आलं, मगर कोणत्या गटात मोडते, आणि तिनं लिहिलं उभयचर. मार्क गेला. घरी येऊन माझ्यावरच डाफरली, कारण अभ्यास मी घेतला होता आणि मीच छातीठोकपणे सांगितलं होतं की अगं पाण्यात पण राहते, जमिनीवर पण राहते, म्हणजे उभयचरच की. अख्खा जन्म सांगलीत कृष्णेच्या मगरींच्या गप्पा ऐकण्यात गेला आणि मगर सरपटणाऱ्यांत येते हे मला चाळिशीत लेकीच्या पेपरावरच्या लाल शाईनं कळलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी ते वर्गीकरणाचं टेबल बाजूला ठेवलं आणि वेगळ्या पद्धतीनं शिकलो. दोन-तीन जणींनी विचारलं म्हणून लिहितेय, लांबेल थोडं.

पहिली गोष्ट पोराच्या डोक्यात पक्की घाला. गट म्हणजे आडनाव आणि वैशिष्ट्य म्हणजे धंदा. कुलकर्णी आडनावाच्या माणसानं सोन्याचं दुकान टाकलं म्हणून तो सोनार होत नाही, आणि सगळे पाटील काय पाटीलकी करत नाहीत. तसंच मगर पाण्यात राहते हा तिचा धंदा झाला, आडनाव सरीसृपच, म्हणजे सरपटणारा प्राणी. पुस्तकात ज्याला अनुकूलन म्हणतात ते सगळं धंद्यात येतं, म्हणजे ज्या जागी राहायचं तिथं टिकायला काय काय जमवलंय ते. पोरं दोन्ही एकत्र करतात आणि तिथंच घोळ होतो. माझा पण तिथंच झाला.

आता आडनाव शोधायचं कसं. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक प्राण्याला तेच चार प्रश्न विचारायला लावा. पाठीचा कणा आहे का? अंगावर काय आहे, खवले, ओली कातडी, पिसं की केस? श्वास कशानं घेतो? आणि पिल्लू कसं होतं, आईचं दूध पितं का? कुठं राहतो हा प्रश्न यादीत ठेवूच नका, तो मुद्दाम नंतर विचारायचा. ह्या चार प्रश्नांत मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन हे कणा असलेले पाचही गट सुटतात. एका उत्तरावर मात्र कधी निकाल द्यायचा नाही, चारही झाल्यावरच.

सुरुवात घरातनंच करा, कुठं जायची गरज नाही. रात्री ट्यूबलाईटजवळ पाल येतेच. तिला हाकलायच्या आधी पाच मिनिटं बघू द्या. कोरडी खवल्यांची कातडी, फुप्फुसानं श्वास, अंडी घालते, झालं, सरीसृप. आता धंदा विचारा, छतावर उलटी चालते तर पडत का नाही? आमच्याकडं सगळ्यांना वाटायचं की पायाला डिंकासारखं काहीतरी असणार. तसं काही नसतं, तिच्या बोटांखाली लाखो अतिबारीक केस असतात, इतके बारीक की पृष्ठभागाला अगदी भिडतात आणि त्या भिडण्याच्या ओढीवरच ती टिकते, म्हणून काचेवर पण चालते. शेपूट तुटून वळवळते ते पण त्यातलंच, मांजर शेपटीकडं बघत बसतं आणि पाल पसार. नवीन शेपूट येते पण तिच्यात पहिल्यासारखी हाडं नसतात, कूर्चा असते. लेकीनं हे वहीत लिहिलं आणि खाली "यक्क" पण लिहिलं.

दुसरा धडा मासळी बाजारात. व्हेज घरातले असाल तर नुसतं बघून या, मावशी काय बोलत नाहीत, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका. रोहू, कटला, चिलापी पाट्यावर पडलेले असतात. कल्ल्याचं झाकण उचलून दाखवा म्हटलं की दाखवतात, आत लालभडक कल्ले, त्याच्यावरनं पाणी जातं आणि त्यातला ऑक्सिजन रक्तात उतरतो. पाठ काळपट आणि पोट पांढरं का ते पोरालाच विचारा. वरनं घार-बगळ्यानं बघितलं तर काळी पाठ खालच्या पाण्यात मिसळते, आणि खालनं मोठ्या माशानं बघितलं तर पांढरं पोट वरच्या उजेडात हरवतं.

आम्ही गेलो तेव्हा एका मावशींकडं प्लास्टिकच्या घमेल्यात चार बोटं पाण्यात मरळ होती आणि ती जिवंत. बाकी सगळा माल गार पडलेला आणि ही मात्र मधनंच तोंड वर काढून हवा घेऊन परत खाली. लेक म्हणाली, आई, मासा हवा कशी काय घेतोय? मावशी म्हणाल्या, "बाय, ही चिखलात पण जगती, उन्हाळ्यात डबकं आटलं तरी मरत न्हाई." खरंच आहे ते. मरळीला कल्ले असतातच, शिवाय डोक्यात हवा घ्यायची वेगळी सोय असते, आणि तिला मधनंमधनं वर येऊन हवा घ्यावीच लागते. डबकी आटणाऱ्या मुलखात ह्याच सोयीवर ती तग धरते. तरी आडनाव मासाच. बाजूला वाम पडली होती, लांबलचक, पोरगी साप म्हणून दोन पावलं मागं सरली, मग मीच म्हटलं प्रश्न विचार. कल्ले आहेत, पर आहेत. म्हणजे मासा. त्या एका घमेल्यानं जेवढं शिकवलं तेवढं मी आठवडाभर बोंबलून झालं नसतं.

आता आमची मगर. थंडीत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कृष्णेच्या काठाला ऊन खायला पडलेली असते, सांगलीपासून वर औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात लोकांना हे काय नवीन नाही. पण लांबनं बघायचं हं, पुलावरनं किंवा उंच काठावरनं, पाण्याच्या कडेला पोराला अजिबात नेऊ नका, ह्याच नदीत मगरीनं माणसं ओढून नेल्यात. दुर्बीण नसली तर मोबाईलचा झूम पुरतो. उन्हात का पडते? कारण शीतरक्ती आहे, अंगातली उष्णता स्वतः तयार करून टिकवता येत नाही, बाहेरनं घ्यावी लागते. आणि खूप तापली की तोंड उघडून पडते, अंगावर यायला नाही तर गार व्हायला. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला, त्यामुळं सगळं धूड पाण्याखाली आणि नुसती दोन टेंगळं वर. घशाच्या मागं पडदा असतो, म्हणून पाण्याखाली तोंड उघडलं तरी पाणी श्वासनलिकेत जात नाही. डोळ्यावर पारदर्शक तिसरी पापणी, पोहताना गॉगलसारखी.

मग बेडूक का उभयचर आणि मगर का नाही? हे नीट समजावा, पेपरात फिरवून फिरवून हेच येतं. बेडकाची अंडी पाण्यात, त्यातनं डिंभक म्हणजे शेपटीवाला बेडूकमासा निघतो तो कल्ल्यानं श्वास घेतो, आणि मोठा झाला की फुप्फुसानं अन् ओल्या कातडीतनं पण. म्हणजे एका जन्मात दोन प्रकारचं आयुष्य. मगरीचं पिल्लू अंड्यातनं निघतं तेच छोटी मगर म्हणून, पहिल्या दिवसापासून फुप्फुस. आणि अंडी ती काठावर जमिनीत खड्डा करून घालते, पिल्लं आतनंच ओरडायला लागली की आई खड्डा उकरते. एवढी पाण्यातली पण अंड्यांसाठी जमिनीवर यावंच लागतं.

बेडूक बघायचा तर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघा. शेताच्या कडेच्या पाण्यात हळदीसारखे पिवळे बेडूक डराव डराव करत असतात, ते नर, विणीच्या वेळेपुरते पिवळे होतात. उन्हाळाभर हेच कुठं होते? मातीत खाली गप पडून, कारण कातडी वाळली की श्वासाचीच पंचाईत.

सुट्टीत माझ्या माहेरी गेलो, माणमध्ये, दहिवडीच्या पुढं. इथं धडा एकदम बदलतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि माणमध्ये जेमतेम पाचशे. तिकडं घाटाच्या जंगलात शेकरू फांदीवरनं फांदीवर उड्या मारतं, झुपकेदार लांब शेपटीनं तोल सांभाळतं, खाली जमिनीवर क्वचितच येतं. ते माणच्या माळावर सोडलं तर करणार काय, झाडच नाही. इथं टिकायचं म्हणजे ऊन आणि तहान ह्या दोनच गोष्टींवर सगळं.

दादाच्या गोठ्यात खिलार बैल, एक म्हैस आणि एक एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, विलायती गाय. एप्रिलची दुपार. खिलार निवांत रवंथ करतोय, पांढरी कातडी ऊन परत फेकते आणि आपल्या देशी गोवंशाला घाम पण चांगला येतो. म्हैस काळी, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून तिला डबकं पाहिजे, नाहीतर दादा बादलीनं पाणी मारतो. आणि एचएफ बिचारी जीभ काढून धापा टाकतेय, तिच्यासाठी फॅन लावलाय, थंड मुलखातली जात ती. तिघं सस्तन, एकाच छपराखाली आणि लेकीला एक अक्षर न सांगता कळलं की कोण इथलं आणि कोण पाहुणं. मी म्हणते उंटाचा धडा जरूर वाचा पण त्याआधी गोठ्यात जा. आणि उंटाचं निघालंच आहे तर, मदारीत पाणी नसतं, चरबी असते, निम्मी पोरं अजून पाणीच लिहितात.

माळावर टिटवी होती. तिची अंडी उघड्यावर खड्यांमध्ये, मातकट रंगावर काळे डाग, दादानं बोट दाखवल्यावर पण आम्हाला दोन मिनिटं दिसेनात. घरटं नाहीच, लपायला झुडूप नाही तर रंगानंच लपायचं. जवळ गेलं की ती असा काही आरडाओरडा करते की आपणच पळतो. आम्ही लांब बांधावर बसलो. थोड्या वेळानं ती जनावरांच्या पाण्याच्या कुंडाकडं गेली, पोट पाण्यात बुडवलं आणि ओल्या पिसांनी येऊन अंड्यांवर बसली. अंडी गार करायला! मी लहानपणापासून टिटव्या बघतेय पण हे कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. आप्पा म्हणाले टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, ते आम्ही वहीत वेगळ्या पानावर लिहिलं, ऐकीव म्हणून.

तिकडं थंडीत गेलात तर मायणी, येरळवाडीच्या पाण्यावर नशिबात असेल तर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि गाळणीसारखं पाणी गाळून बारीक जीव खातात. गुलाबी रंग त्या खाण्यातनंच येतो, पिल्लं आधी करडी असतात. लांब पाय कशाला हे पोरगं स्वतःच सांगेल.

पेपरात उत्तर कसं लिहायचं ते पण सांगते, कारण शेवटी मार्क पाहिजेतच. "मगरीचे डोळे वर असतात" एवढ्यावर अर्धा मार्क. तीन तुकडे करायला लावा: अडचण काय, अवयव कोणता, फायदा काय. म्हणजे, मगरीला भक्ष्याच्या नजरेस न पडता जवळ जावं लागतं, म्हणून तिचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असतात, त्यामुळं शरीर पाण्याखाली ठेवूनही तिला बघता येतं आणि श्वास घेता येतो. प्रत्येक उत्तर ह्याच चालीत. पहिल्यांदा कंटाळा करतात, दहा-बारा झाली की आपोआप येतं.

कणा नसलेल्यांवर मी जास्त वेळ घालवला नाही. गांडुळाला कडी कडी दिसतात तो वलयांकित, मऊ अंगाची गोगलगाय मृदुकाय, सांध्यांचे पाय असलेले सगळे संधिपाद. हे बागेत अर्ध्या तासात होतं.

साप मात्र हातात घेऊन शिकायचा विषय नाही, सर्पमित्र शेजारी असला तरी नाही. बत्तीस शिराळ्याच्या गोष्टी सांगा, नागपंचमीच्या जिवंत नागांचे खेळ कोर्टानं का थांबवले ते पण सांगा. त्यातला फसवा साप म्हणजे घोणस. ती अंडी बाहेर घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पोरं लगेच सस्तन म्हणतात. चौथा प्रश्न पूर्ण वाचायला लावा: दूध पितं का? नाही. अंगावर खवले. मग सरीसृप. ह्याच्या उलट खवलेमांजर, अंगभर खवले पण पिल्लू दूध पितं, म्हणजे सस्तन, आणि ते खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे. धोका दिसला की गुंडाळी करून पडतं.

शेवटी परीक्षा घ्या. आम्ही रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या: वाम, घोणस, वटवाघूळ, खवलेमांजर, कासव, बदक, गांडूळ, कोळी, मरळ, मगर. रात्री जेवणं झाल्यावर प्रत्येकानं चिठ्ठी काढायची, आडनाव सांगायचं, धंदा सांगायचा. आमच्या ह्यांना वटवाघूळ आलं, बरोबर सांगितलं, मग कोळी आला आणि ऐटीत म्हणाले कीटक. लेकीनं खुर्ची ओढली, कोपऱ्यातल्या जाळ्याखाली लावली आणि म्हणाली, बाबा, चढा वर, पाय मोजा.