खान्देशात नव्याने आलेल्या नेमबाजांसाठी

बँकेच्या, रेल्वेच्या, शाळांच्या बदल्या झाल्या की जून-जुलैत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची काही मंडळी जळगाव-भुसावळात येऊन पडतात. त्यातल्या एखाद्याला नेमबाजीचा नाद असतो, कुठून तरी माझं नाव कळतं आणि फोन येतो. ‘ताई, इथं बंदुकीचा परवाना कसा काढायचा?’ माझं उत्तर ठरलेलं आहे. काढू नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नको.

मी मूळची कोल्हापूरची. तीन वर्षांसाठी म्हणून भुसावळला बदलून आले, त्याला एकवीस वर्षं झाली. आता जळगावात घर आहे, कळण्याच्या भाकरीशिवाय हिवाळा जात नाही आणि दहा मीटरवरून नेम धरायचं एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं, अजून चालू आहे. त्यामुळे परवाना नको म्हणते ते भीतीपोटी नाही. मौजेसाठी नेमबाजी करणाऱ्याला सुरुवातीला परवान्याची गरजच नसते, एवढंच.

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाची नळी आतून ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट १७७ इंचापर्यंत रुंद असेल आणि जोर २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. यातली एक मर्यादा जरी ओलांडली तरी लागतो. इथेच नवखा माणूस फसतो. दुकानदार म्हणतो, ‘पॉइंट टू टू घ्या साहेब, जरा जोरदार आहे.’ हवेवर चालते म्हणून आपण निर्धास्त असतो आणि परवाना लागणारी वस्तू बिनपरवाना घरात येते. दहा मीटरची सगळी स्पर्धा पॉइंट १७७ वरच चालते, तेव्हा मोठ्या नळीचं आपल्याला काम काय?

बिलावर नळीचं माप आणि रायफलचा नंबर लिहून घ्या. ते बिल पेटीतच ठेवा, घरच्या फायलीत नको. मी फायलीत ठेवलं होतं. एका रात्री स्पर्धेहून परतताना नाकाबंदीत डिकी उघडली, लांब पेटी दिसली आणि पुढचे दोन तास मी एका चौकीतल्या बाकावर बसून नवऱ्याची वाट पाहत होते. तो बिल घेऊन आला, मग चहा मिळाला. तपासणाऱ्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

कारण या भागात गावठी कट्टा ही नेहमीची बातमी आहे. सातपुड्याच्या पलीकडून येतो, तालुक्याच्या गावी पकडला जातो, पेपरात चौकटीत छापून येतो. त्यामुळे बंदूक म्हटलं की पोलिसाच्या डोक्यात आधी कट्टा येतो, खेळ नंतर. कुणी ‘स्वस्तात बघायचा का?’ म्हणालं तर विषय तिथेच संपवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याला कमीत कमी दोन वर्षं कैद आहे. जुन्या वाड्यातला घरमालक कधी कौतुकाने आजोबांची ठासणीची बंदूक दाखवायला काढतो. कौतुक करा, पण तिचा परवाना कुणाच्या नावावर आहे हे कळेपर्यंत हातात घेऊ नका.

आता रायफल कुठली घ्यावी. दुकानात जाण्याआधी घरी एक गोष्ट करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे लहानसा त्रिकोण धरा, त्यातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना कॅलेंडर त्रिकोणातच राहतं, तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताने जेवणाऱ्या कितीतरी जणांचा डोळा डावा निघतो, आणि हे रायफल घेतल्यावर कळलं की पैसे गेले. मग दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवा. बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीला बापाच्या मापाची रायफल घेऊन देणारे पालक मी दर वर्षी बघते. पोर मान वाकडी करून वर्षभर झगडते आणि शेवटी बॅडमिंटनला जाते.

शिकायला नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगची रायफल पुरते. इथले लोक तिला छऱ्याची बंदूक म्हणतात. पाच-दहा हजारांत बरी मिळते, धक्का मारते, पण सुटलेल्या हातातला प्रत्येक दोष कागदावर दाखवते. स्प्रिंग दाबून तासन् तास ठेवू नका आणि रिकामी उडवू नका, एवढं तिचं पथ्य. वर्षभर टिकलात तर सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेवर चालणारी घ्या. आपल्याकडे प्रेसिहोलसारख्या देशी कंपन्यांच्या चांगल्या रायफली आहेत. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर यांची नावं तुम्ही ऐकली असतील, त्यांचे आकडे लाखांत जातात. रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पिस्तुलाचा साडेअकरा मिलिमीटरचा. तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका काही लाखांच्या रायफलने आपोआप फुटत नाही. पिस्तुलाकडे वळायचं असेल तर ट्रिगर ५०० ग्रॅमच्या खाली नको आणि एकूण वजन दीड किलोच्या आत, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीतच परत पाठवतील. छरे मात्र सपाट तोंडाचेच घ्या. कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुणांवरून भांडण होत नाही.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकाराचं, कांस्य आणलं. तो आमच्या राधानगरीकडचा आणि नोकरी मध्य रेल्वेत, त्यामुळे कोल्हापूरकरांना तो आपला आणि भुसावळच्या रेल्वेवाल्यांनाही आपलाच. पेढे दोन्हीकडून आले. त्याच आठवड्यात तिघांनी मला काडतुसाच्या पॉइंट टू टू रायफलचा परवाना विचारला. स्वप्नीलच्या हातात काय आहे ते टीव्हीवर दिसतं, त्याआधीची वर्षं कुठे दिसतात?

तरीही पुढे परवाना लागणारच असेल तर ऐका. जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी कुठेच पोलीस आयुक्तालय नाही, तेव्हा परवाना देणारे जिल्हाधिकारी. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यासोबत ओळख-पत्त्याचे पुरावे, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. मग कागद पोलिसांकडे चौकशीला जातात. हवालदार घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो. नव्या माणसाचं घोडं इथेच अडतं. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या भाडेकरूबद्दल शेजारी सांगणार तरी काय? दोन वर्षं थांबा म्हणते ते यासाठीही. तोवर गल्लीत चार घरं ओळखीची होतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुरणपोळ्या इकडून तिकडे जातात, क्लबचं सभासदत्व जुनं होतं आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं फायलीत जमा होतात. ‘छंद आहे’ असं नुसतं तोंडाने सांगण्यापेक्षा त्या फायलीचं वजन जास्त पडतं. नकार आलाच तर कारण लेखी मागून घ्या, अपिलाची सोय कायद्यात आहे. एजंट लावू नका. मी एकदा लावला होता, त्याने माझी फाइल कुठेच पुढे नेली नाही, पैसे मात्र नेले.

परवाना पाच वर्षांचा असतो आणि सर्वसाधारण माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी टाका. जे परवाना आणि बंदूक घेऊनच बदलून आले आहेत त्यांनी सामान लावायच्या आधी इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात पत्ता बदलल्याचं कळवावं, महिना उलटू देऊ नये. परवाना किती भागापुरता चालतो तेही त्यावर वाचा. जिल्ह्यापुरता असेल तर तो जुन्याच जिल्ह्यात राहिला. निवडणूक लागली की हत्यारं जमा करायचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या सभासद खेळाडूंना त्यातून सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते, आपोआप कुणी घरी आणून देत नाही. काडतुसांबाबतचा गोड गैरसमजही काढून टाकते. वरणगावची आयुध निर्माणी भुसावळपासून हाकेच्या अंतरावर आहे म्हणून गोळ्या स्वस्तात मिळतील असं एकाला वाटलं होतं. तिथलं सगळं फौजेचं आहे, बाबा.

ठेवण्याबद्दल मात्र मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण कोल्हापुरात शिकलेलं इथे उपयोगी पडलं नाही.

खान्देशात पारा ४५ च्या वर जाणं ही दर उन्हाळ्याची गोष्ट. घराघरात मोठे कूलर लागतात, वाळ्याचा वास, ओलसर गार वारा. पहिल्या उन्हाळ्यात माझं लोखंडी कपाट नेमकं कूलरच्या समोर होतं. मला वाटलं, बरंच की, पिस्तूलही गार राहील. मेच्या शेवटी पेटी उघडली तर नळीच्या तोंडाशी आणि स्क्रूंच्या डोक्यांवर मोहरीएवढे तांबूस ठिपके. हात लावला तर बोटाला गंज. बाहेर ओठ फुटतील इतकी कोरडी हवा आणि माझ्या कपाटात पावसाळा! तेव्हापासून कपाट कूलर नसलेल्या खोलीत आहे, आत ओल शोषणाऱ्या पुड्या आहेत आणि दर रविवारी तेलाचं फडकं फिरतं. तेल अगदी थोडं, कारण काळ्या मातीचा फुफाटा इथे बंद खिडकीतूनही येतो आणि तेलावर बसून त्याचं दळण होतं. फोमच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नका, फोम ओल धरतो. हवेचं सिलिंडर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच सोडायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. त्यावर मुदतीचं वर्ष कोरलेलं असतं, साधारण दहा वर्षं. ती संपली की ते बदलायचंच.

कपाट भिंतीत बोल्टने ठोकलेलं हवं. बंदूक रिकामी करून त्यात, आणि छरे किंवा काडतुसं दुसऱ्या कुलपात. परवान्याच्या बंदुकीला तर यात सवलत नाहीच, पण मी एअर पिस्तुलालाही तोच नियम लावते. किल्ली कुठे ठेवता? आमच्याकडे पूर्वी ती पिठाच्या डब्यामागे असायची आणि ते मोलकरणीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आता माझ्या गळ्यातल्या साखळीत असते. छरे शिशाचे असतात, सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय पोरांना उचलून घेऊ नका, आणि छरे हाताळता हाताळता शेव-मुरमुरे तर नकोच.

हळूहळू लोकांना कळेल की तुमच्याकडे बंदूक आहे. मग दोन प्रकारचे लोक येतील. एक केळीवाला शेतकरी, रावेर-यावलकडचा. रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) बाग लोळवलेली असते, त्याचं दुःख खरं असतं. तो म्हणतो, ‘ताई, एक डाव चला ना शेतावर.’ जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याची वेगळी वाट आहे, ती त्याला दाखवा, अर्ज लिहून द्या. सुट्टीत यावल किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात फिरायला निघालात तर रायफल घरी ठेवून जा. छऱ्याची असली तरी वनरक्षक ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये.

दुसरे वरातीवाले. ‘आमना पोऱ्यानं लगीन शे, दोन बार काढशात ना?’ इतक्या प्रेमाने विचारतात की नाही म्हणताना जीभ अडखळते. आनंदाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी म्हणते, माझी बंदूक कागदच फोडते हो, आवाजच करत नाही. हसतात आणि जेवायला बसवतात. वांग्याचं भरीत असेल तर बसा.

सरावाला जागा कुठे, हा शेवटचा प्रश्न. आधी जिल्हा क्रीडा संकुलात आणि शाळांच्या क्रीडा शिक्षकांकडे चौकशी करा, शालेय स्पर्धांमुळे ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम), पीप साइट (बारीक भोकातून नेम) शिकवणारं कुणी ना कुणी निघतं. मोठी रेंज बघायची तर पुण्याचं बालेवाडी किंवा मुंबईचं वरळी. मुंबईला अमरावती एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी पोचता. रोजचा सराव मात्र घरीच होतो. दहा मीटर सरळ मोकळी जागा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, मागे जाड पत्र्याचा तिरका डबा आणि त्यात जुन्या गादीचा कापूस ठासलेला. भिंत उघडी ठेवू नका, छरा उलटून येतो. डोळ्यांना चष्मा हवाच. आणि टार्गेटच्या बाजूने दार उघडत असेल तर त्याला आतून कडी.

माझा सराव गच्चीवर चालतो आणि त्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. मार्च ते जूनमध्ये सगळी गल्ली गच्चीवर झोपते, पहाटे साडेपाचला आठ घरची माणसं अंथरुणात असतात. पहिल्या वर्षी मी भाबडेपणाने पाचलाच टार्गेट लावलं होतं. शेजारच्या काकू चादरीतून डोकं काढून एवढंच म्हणाल्या, ‘काय वो ताई, सपनात लढाई सुरू व्हयनी.’ आता त्या गाद्या गुंडाळून खाली गेल्या की जिन्यावरून मला हाक मारतात, मग मी पेटी वर आणते.