फायबरच्या नावेला भोक पाडताना जेलकोट कसा सांभाळावा

पैठणच्या नाथसागरावर उन्हाळ्यात पाणी मागे सरते, नावा काठावरच्या गाळात येऊन बसतात आणि वर्षभर लांबलेली डागडुजी याच दिवसांत उरकून घेतली जाते. फायबरच्या नावेत साचणारे पाणी उपसण्यासाठी छोटा बॅटरीवरचा पंप बसवायचा, तर त्याच्या पाण्याला बाहेर पडायला नावेच्या अंगाला एक आरपार भोक पाडावे लागते. हे काम अर्ध्या तासाचे असले तरी मी पाडलेल्या पहिल्या भोकाच्या कडेचा जेलकोट, म्हणजे नावेवरचा चकचकीत थर, नखाएवढ्या टवक्यांनी उडाला होता, आणि ते बुजवण्यात पुढचे दोन दिवस गेले.

टवके का उडतात, हे आधी समजून घ्यावे. नावेचे अंग म्हणजे काचतंतूंची चटई आणि तिला घट्ट बांधणारे रेझिन यांचे एकावर एक बसवलेले थर असतात, आणि त्यांच्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीचा रंगीत, चकचकीत जेलकोट असतो. आतल्या थरांना तंतूंचा आधार असल्यामुळे ते धक्का सोसतात. जेलकोटमध्ये मात्र तंतू नसतात, त्यामुळे तो कडक असूनही ठिसूळ असतो. ड्रिलच्या बिटची धार त्यात रुतून ओढली गेली की तो कापला जाण्याऐवजी फुटतो. बिट आतून बाहेर येत असेल तर मागे आधार नसल्यामुळे तो अधिकच फुटतो. म्हणून जेलकोट घासत न्यावा, कापू नये, आणि भोक नेहमी बाहेरच्या, चकचकीत बाजूने सुरू करावे.

जागा ठरवताना घाई करू नये. माणसे आणि जाळी लादल्यावर नाव जितकी खाली बसते, त्या पातळीची खूण पाण्यात असतानाच करून ठेवावी आणि भोक त्या खुणेच्या किमान वीतभर वर घ्यावे, नाहीतर पंप बंद झाल्यावर बाहेरचे पाणी नळीतून परत आत येऊ शकते. आतल्या बाजूने हाताने चाचपून तिथे आडवी पट्टी, वायर किंवा बंद हवेचा कप्पा नाही याची खात्री करावी. नाव उलटली तरी तिला तरंगत ठेवणारे हे कप्पे असतात, त्यांना कोणत्याही कारणाने भोक पाडू नये. बाहेरून माप घेणे अवघड असेल तर आतून तीन मिलिमीटरचा बिट आरपार काढावा. त्यामुळे उडणारा बारीक टवका पुढे मोठ्या भोकातच निघून जातो.

वेळ सकाळची निवडावी. मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या दुपारी नावेचे अंग हात लावू न देण्याइतके तापते, मास्किंग टेपचा चीक वितळून जेलकोटवर राहतो. खूण केलेल्या जागेवर टेपचे दोन थर दाबून बसवावेत आणि वर्तुळ टेपवरच आखावे. टेपमुळे बिट घसरत नाही आणि ड्रिलच्या तोंडाचा ओरखडा पडत नाही. टवके थांबवण्याचे काम मात्र एकटी टेप करू शकत नाही, ते ड्रिलच्या दिशेवर आणि हाताच्या दाबावर अवलंबून असते.

आधी बारीक बिटने मधले भोक पाडून घ्यावे. मोठ्या भोकासाठी बारीक दातांचा, शक्यतो कार्बाइडचे कण बसवलेला होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत, वापरावा, कारण काचतंतू साध्या पोलादाची धार लवकर बोथट करतात. होल सॉ लावून ड्रिल उलट्या दिशेने, मध्यम वेगाने फिरवावे. उलटे फिरताना दात रुतत नाहीत, फक्त घासतात. ड्रिल अंगाशी काटकोनात धरावे. ते कलले तर दात एकाच बाजूला आधी टेकतात आणि तिथेच कड फुटते. दाब ड्रिलच्या स्वतःच्या वजनापेक्षा फार जास्त नसावा. निळ्या नावेचा आधी निळा भुगा पडेल. तो पांढुरका दिसू लागला आणि वर्तुळाकार खाच सगळीकडे सारखी झाली की जेलकोट पार झाला असे समजावे. त्यानंतरच दिशा सुलट करावी. अर्धी जाडी कापून झाल्यावर आतल्या बाजूने त्याच मधल्या भोकात होल सॉ धरून उरलेले कापावे, म्हणजे दोन्हीकडची कड स्वच्छ राहते. आतून पोहोचता येत नसेल, तर सोबत्याला आतून लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरायला सांगावे.

काचेचा भुगा फुफ्फुसात जाता कामा नये. एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, आणि काम झाल्यावर हात न चोळता थंड पाण्याने धुवावेत.

स्क्रूच्या भोकांकडे सहसा दुर्लक्ष होते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा तिथूनच सुरू होतात. भोक पाडल्यावर काउंटरसिंक बिट, म्हणजे भोकाचे तोंड रुंद करणारा शंकूसारखा बिट, उलटा फिरवून जेलकोटची कड उतरती करावी, म्हणजे स्क्रूचे आटे जेलकोटला न लागता थेट आतल्या थरात बसतात.

कापलेली कड उघडी ठेवणे मला सर्वांत घातक वाटते. उघड्या तंतूंच्या कडेतून पाणी थरांत झिरपते, आणि नावेच्या मागच्या फळीत प्लायवूड असेल तर ते आतल्या आत कुजते. अशा ठिकाणी भोकाभोवतीचे लाकूड पाच-सहा मिलिमीटर कोरून ती पोकळी दाट केलेल्या इपॉक्सी रेझिनने भरावी. इतरत्र कड पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून रेझिनचे दोन हात द्यावेत. उन्हाळ्यात रेझिन फार लवकर आवळते, म्हणून थोडेथोडेच कालवावे. रेझिन आवळण्यासाठी त्यात घातले जाणारे कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो.

एवढे करूनही टवका उडालाच, तर त्याच रंगाचा जेलकोट हार्डनर घालून किंचित उंच भरावा आणि वर प्लास्टिकची चिकटपट्टी लावावी, कारण हवेच्या संपर्कात त्याचा पृष्ठभाग चिकट राहतो. वाळल्यावर ४००, ६०० आणि १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे.

नळीचा तोंडनग बसवताना नावांसाठीचे पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. सिलिकॉन लावलेल्या जागी पुढे जेलकोट धरत नाही. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते आणि आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा दोन दिवस अधिक थांबावे आणि मग काठावरच नावेत चार-पाच घागरी पाणी ओतून पंप चालवून पाहावा.